पाहुण्यांचे आंबट

फुकेत बेटावर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. टेकडीवर बसलेली पंचेचाळीस मीटर उंचीची पांढरीशुभ्र बुद्धमूर्ती आहे, दक्षिण टोकाला प्रोमथेपचा प्रसिद्ध सूर्यास्त आहे, पश्चिमेला एकामागून एक चौपाट्या आहेत. आम्ही यांतले थोडेफार पाहिले, नाही असे नाही; पण जे पाहिले ते दोन जेवणांच्या मधल्या वेळात. कोणी देवळे पाहायला जातो, कोणी दुकाने. आमच्या घरातली माणसे परगावी गेली की आधी तिथला बाजार विचारतात आणि मग जेवायची वेळ. नव्या गावी सकाळी काय खातात, हे कळल्याशिवाय त्या गावात आल्यासारखेच आम्हांला वाटत नाही.

आमचे घराणे वेंगुर्ल्याचे. पत्नीचे माहेर मालवण. तेव्हा जिभेच्या बाबतीत दोन्हीकडून आनंदच आहे. थोरली मुलगी कॉलेजात, धाकटा शाळेत. दोघेही ताटाशी इमान राखून असतात. मुंबईहून विमानाने साडेचार-पाच तासांवर एक बेट आहे, तिथे नारळ, मासळी, भात आणि मिरची यांवरच सगळा संसार चालतो, एवढे समजल्यावर दिवाळीच्या सुट्टीत कोठे जायचे याची चर्चा घरात फार लांबली नाही.

अडचण एकच होती, आणि ती म्हणजे आत्या. वय वर्षे शहात्तर. आमच्या घरातला सगळा स्वयंपाक तिच्या हाताखाली शिकलेला. तिच्या हातचे तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले ज्यांनी खाल्ले आहे, ती माणसे अजून त्या आठवणीवर जगतात. कारण वीस वर्षांपूर्वी आत्याने पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि मासळी सोडली. सोडली ती खाण्यापुरती. पारख सुटली नाही. बाजारातून आलेली पिशवी उंबरठ्याबाहेर असतानाच, सुरमई आजची की कालची, हे ती स्वयंपाकघरातून सांगते. एकटीला घरी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. ती तयार झाली, पण अट घालून: "मी येतंय. पण चुकानसुद्धा माझ्या पोटात म्हावरा जाता कामा नये."

अट साधी वाटते. पण थायलंडात मीठ जेवढे पडत नाही तेवढे 'नाम प्ला' पडते. लहान मासळी मिठात महिनोन्‌महिने मुरवून तिचे जे तांबूस पाणी निघते, ते नाम प्ला. भाजीत तेच, आमटीत तेच, चटणीत तेच. शिवाय 'कापी' म्हणून एक पदार्थ असतो, बारीक कोळंबी खारवून, वाळवून, कुटून केलेला. तो नसेल तर तिथल्या वाटणाला वाटण म्हणत नाहीत. म्हणजे चौघांना चांगले थाई जेवण हवे आणि पाचवीला त्याच जेवणात मासळीचा थेंबही नको, असा आमचा शोध होता.

उतरलो ते पातोंगच्या चौपाटीवर. पश्चिम किनाऱ्यावरची ही सर्वांत गजबजलेली जागा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भोजनगृहे, प्रत्येकाच्या दारात एक माणूस, त्याच्या हातात चित्रांचे पुस्तक. पुस्तकात इटालियन पिझ्झा, रशियन बीटचे सार, आपले बटर चिकन आणि मधूनमधून थाई. आमची तोंडे पाहून पहिल्या माणसाने बटर चिकनचे पान उघडले. आम्ही नको म्हटले. दुसऱ्याने तेच पान उघडले. तिसऱ्याकडे आम्ही चेहऱ्यावर शक्य तितका निर्धार आणून थाई पान स्वतःच उघडले आणि बसलो.

आले ते सगळे सुरेख दिसत होते. गाजराची फुले, काकडीची पाने, नारळाच्या करवंटीत भात. पण 'तोम याम' नावाचे ते जगप्रसिद्ध सार कोमट लिंबू सरबताच्या वळणाचे निघाले. हिरवी आमटी गोड. आता हिरव्या आमटीला थाई भाषेत 'कॅंग खियाव वान' म्हणतात, आणि 'वान' म्हणजे गोड, हे खरे. पण ती गोडी मिरचीच्या पाठीमागून यायची असते, इथे ती एकटीच आली होती. मुलीने 'पाद थाई' मागवले होते. तांदळाच्या परतलेल्या शेवयांचा हा पदार्थ जगभर थायलंडची खूण म्हणून ओळखला जातो, पण तो काही फार जुना नाही. १९३८ ते १९४४ या काळात फिबून हे तिथले पंतप्रधान होते. १९३९ साली त्यांनी सयामचे थायलंड केले आणि त्याच राष्ट्रीय धामधुमीत, मुळात चिनी पद्धतीच्या या शेवयांना 'थाई' हे नाव देऊन सरकारने त्यांचा प्रसार केला. मुलीने ही माहिती ऐकून घेतली आणि म्हणाली, "बाबा, इतिहास चांगला आहे. पण यात साखर किती आहे!"

तीन दिवस, तीन जागा, तीच कथा. स्वयंपाक करणाऱ्यांना येत नव्हते असे मुळीच नव्हे. जगातून येणाऱ्या कोणाच्याही जिभेला चटका बसू नये म्हणून त्यांनी आपला स्वयंपाक सभ्य करून ठेवला होता. "तिखट करा," म्हटले की ते हसत आणि मिरच्यांचे तुकडे वेगळ्या वाटीत आणून देत. पाहुण्याला संभाळून घेण्याचीच ती रीत होती. पण संभाळून घेतलेल्या माणसाचे पोट भरत नाही.

आत्याची तर त्याहून कठीण परिस्थिती. शाकाहाराला थाई भाषेत चक्क 'मांगसविरात' म्हणतात. मराठी शिकवणाऱ्या माणसाला असा शब्द सापडला की तो उपाशीपोटीसुद्धा आनंदतो. मांसविरती! आणि भोजनगृहाच्या पाटीवर लिहिलेले असते 'आहार', फक्त वाचताना ते 'आहान' म्हणतात. चवीला 'रोत', म्हणजे आपला रस. मी हे सारे आत्याला समजावून सांगितले आणि वाढप्याला म्हटले, "मांगसविरात." त्याने मान डोलावली. भाजी आली. आत्याने ताट नाकाजवळ नेले आणि खाली ठेवले. "ह्यात म्हावरा आसा, माका वास येता." वाढपी शपथेवर सांगत होता की मांस नाही. त्याचेही खरे होते; मांस नव्हतेच, नुसते नाम प्ला होते, आणि मिठाला मांस कोण म्हणतो? धाकट्याने मोबाइलवरच्या भाषांतरकाराला मध्ये घातले. "आत्याआजी माळकरी आहे," असे त्याने सांगितले. त्या यंत्राने काय भाषांतर केले देव जाणे. वाढप्याने नम्रपणे सांगितले की आम्हांला आज फुले नको आहेत.

तिसऱ्या संध्याकाळी आत्या म्हणाली, "तुम्ही जावा. माका हयच बरा आसा. चिवडो आसा, अननस आसा." ती हे कुरकुरत म्हणाली नाही, त्यामुळे अधिक लागले. जिने आम्हां सगळ्यांना जेवायला शिकवले ती हॉटेलच्या खोलीत चिवडा खात बसली आहे आणि आपण बाहेर ताट पुढ्यात घेऊन बसलो आहोत, ही कल्पना कोणाच्याच घशाखाली उतरेना. त्या रात्री आम्ही पाचही जण चिवडाच खाल्ला.

* * *

वाट दाखवली ती हॉटेलच्या मागच्या दाराने. चौथ्या दिवशी दुपारी पत्नी कपडे वाळले का पाहायला मागच्या अंगणात गेली, तर खोल्या झाडणाऱ्या तिघी-चौघी बायका जेवायला बसलेल्या. मध्ये भाताची टोपली आणि प्लास्टिकच्या लहान पिशव्या, तोंडाला रबर लावून फुग्यासारख्या फुगवलेल्या. एकीत हळदीच्या रंगाचे काहीतरी. आणि वास! ही तिथेच थांबली. त्या बायका हात हलवून सांगू लागल्या, "फेत! फेत!" म्हणजे तिखट, तिखट. हिने खुणेने थोडेसे मागितले. एकीने चमचाभर भातावर वाढले. हिच्या डोळ्यांतून पाणी आले, नाकातून आले, आणि चमचा पुन्हा पुढे गेला. मग त्या चौघी ज्या हसल्या, तसे त्या चौपाटीवर तीन दिवसांत कोणी आमच्याकडे पाहून हसले नव्हते. वर येऊन ही म्हणाली, "अहो, यांचं जेवण इथे नाहीच आहे. ह्या बायका गावातून आणतात, सकाळी."

बेटाचे मुख्य गाव दुसऱ्या बाजूला, आग्नेयेला आहे. पातोंगहून तिथे 'सोंगथॅव' जाते. सोंगथॅव म्हणजे दोन ओळी. मालमोटारीच्या पाठीवर समोरासमोर दोन बाके टाकली की झाले वाहन. डोंगर चढून, उतरून ते थेट रानोंग रस्त्यावरच्या मंडईपाशी सोडते. सकाळी सातला आम्ही तिथे उतरलो.

गाव पाहिल्याबरोबर ध्यानात येते की हे चौपाटीच्या जिवावर उभे राहिलेले नाही. फुकेतची श्रीमंती जमिनीतून निघाली, आणि तिचे नाव कथील. कथलाला इथे 'दिबुक' म्हणतात. गावातल्या एका जुन्या रस्त्याचे नावच दिबुक आहे. १७८५ साली ब्रह्मी सैन्य चालून आले तेव्हा थालांगच्या दोन बहिणींनी बेट राखले. त्यांचे पुतळे विमानतळाकडून येताना चौकात दिसतात. पुढे एकोणिसाव्या शतकात कथलाच्या खाणींसाठी चीनच्या फुकियन प्रांतातून होक्किएन लोक मोठ्या संख्येने आले. त्यांनी खाणी खणल्या, इथल्या मुलींशी लग्ने केली, पिनांगशी व्यापार केला आणि अरुंद तोंडाची, लांबलचक पोटाची दुमजली घरे बांधली. घरांपुढे कमानींची सलग पडवी, म्हणजे उन्हापावसात सबंध रस्ता पडवीतून चालता येतो. कथील संपले, घरे राहिली आणि स्वयंपाक राहिला. २०१५ साली युनेस्कोने खाद्यसंस्कृतीसाठी नावाजलेल्या शहरांच्या यादीत फुकेतला घेतले, ते या गल्ल्यांतल्या चुलींमुळे.

आपण ज्याला 'थाई जेवण' म्हणतो तसे एक काही नाहीच, हेही इथे कळते. उत्तरेच्या डोंगरी मुलखात आमटीत नारळ पडत नाही. ईशान्येला चिकट भात आणि कच्च्या पपईची कोशिंबीर. बॅंकॉकच्या मध्यप्रदेशात नारळाचे दूध आणि थोडी साखर. दक्षिणेला हळद, आंबट आणि मिरची. आणि मिरची कसली, तर 'फ्रिक खी नू', शब्दशः उंदराच्या लेंडीएवढी. तिचा आकार तेवढा, प्रताप आपल्या लवंगी मिरचीचा.

या मिरचीची एक गंमत आहे. ती या देशाची नव्हे, आपलीही नव्हे. अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली. त्यांनी १५१० साली गोवा घेतले, १५११ साली मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा वकील सयामची राजधानी अयुथ्या इथे पोचला. त्याआधी दोन्हीकडे तिखट म्हणजे काळी मिरी. आपण नव्या फळाला जुन्या मिरीवरून 'मिरची' म्हटले. थाई लोकांनी मिरीचे 'फ्रिक' हे नाव मिरचीला देऊन टाकले आणि मिरीला बापडीला 'फ्रिक थाई', म्हणजे थाई मिरची, म्हणून बाजूला काढले. परकी घरची झाली, आणि घरचीला आपण इथलीच हे नावात सांगावे लागले.

* * *

फुकेतकराची न्याहारी म्हणजे 'खानोम चीन'. तांदळाच्या आंबवलेल्या पिठाच्या शेवया साच्यातून उकळत्या पाण्यात पाडायच्या, थंड पाण्यात धुऊन गुंडाळ्या करून ठेवायच्या. आपल्याकडचे शिरवाळेच. फरक इतकाच की आपण त्यांवर नारळाचा गोड रस घालतो आणि हे लोक माशाची आमटी. 'नाम या' या आमटीत उकडलेला मासा कुटून नारळाच्या दुधात मिसळलेला असतो. हळद, गवती चहा, कोळिंजन. शेजारच्या पातेल्यात 'ताई प्ला', म्हणजे माशाच्या आतड्यांची खारवण घालून केलेली, काळसर आणि शूर माणसांसाठी. टेबलावर काकडी, चवळीच्या शेंगा, मोड, लोणच्यातली मोहरीची पाने, अननसाच्या फोडी, तळलेली सुकी मासळी, उकडलेली अंडी असा मांडव असतो. ज्याने त्याने आपल्या ताटात आपली चव जुळवायची. सकाळी साडेसातला इतके तिखट खाऊन माणसे कामावर जाताना पाहिली आणि पत्नीला सासर-माहेर एकत्र भेटल्याचा आनंद झाला.

दुपारी 'खाव कॅंग', म्हणजे भात-आमटीचे दुकान. दहा-पंधरा पातेली मांडलेली. बोट दाखवायचे, भातावर वाढून मिळते. बोट भाषेवाचून बोलते हा त्याचा मोठा गुण. 'मू होंग' हा मिरी-लसणातला डुकराच्या मांसाचा पदार्थ इथला मानबिंदू. आमच्यात ते चालत नसल्यामुळे तो मान आम्ही दुसऱ्यांना दिला. पण 'नाम फ्रिक कुंग सियाप' ने कसर भरून काढली. काडीला ओवून धुरावर वाळवलेली कोळंबी, मिरची, कापी, लसूण, लिंबू यांची ही चटणी. सोड्यांची चटणी खाऊन वाढलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. अंड्याबरोबर परतलेली 'लियांग' ची कोवळी पाने मुलांनीसुद्धा मागून घेतली, आणि पालेभाजीच्या बाबतीत ही ऐतिहासिक घटना आहे.

दक्षिणेला रावाई इथे दर्यावर्दी 'चाव ले' लोकांची वस्ती आहे. रस्त्याच्या एका बाजूला त्यांचा मासळीबाजार, दुसऱ्या बाजूला चुली. इकडे मासा घ्यायचा, तिकडे द्यायचा. हळद-लसूण चोळून कुरकुरीत तळलेला मासा खाताना धाकटा म्हणाला, "हे तर आपलंच आहे." खरोखरच होते. हळद आणि मासा यांना एकत्र आणायला कोणा पोर्तुगीजाची गरज पडली नसावी.

आत्या या सगळ्या ठिकाणी आमच्याबरोबर बसत होती. वासावरून शेरे मारत होती. रावाईला तिने बाजारात पुढे होऊन मासा निवडून दिला, आणि मासेवालीने तो तराजूत टाकताना तिच्याकडे आदराने पाहिले. पण तिच्या पुढ्यात कोरडा भात, काकडी आणि शहाळे. आमच्या घासाघासाला ते दिसत होते.

* * *

आणि मग मंडईत ती गोष्ट घडली. रानोंग रस्त्याची मंडई पहाटे भरते. कापीचे जांभळट डोंगर, ओली हळद, सातोच्या उग्र वासाच्या शेंगा, केळफुले. एका म्हातारीच्या पाटीत काळपट तपकिरी चकत्या वाळवून ठेवलेल्या. आत्या त्यापाशी थबकली. एक चकती उचलून तिने हुंगली, आणि तिचा चेहरा बदलला. "अरे, हा तर आमसूल!"

आमसूल नव्हते, पण घराण्यातलेच होते. कोकम ज्या 'गार्सिनिया' कुळातले, त्याच कुळातले हे फळ. दक्षिण थायलंडात ते चिरून वाळवतात आणि आंबट आमटीत टाकतात. नाव विचारले. म्हातारी म्हणाली, "सोम खॅक." सोबतच्या मुलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला. सोम म्हणजे आंबट. आणि खॅक म्हणजे पाहुणा. पण थाई लोक पश्चिमेकडून समुद्रावरून आलेल्यांनाही खॅकच म्हणतात. हिंदी लोक, मलायी, मुसलमान, सगळे खॅक. म्हणजे आम्हीही. तर हे पाहुण्यांचे आंबट!

आत्याने कनवटीची डबी काढली. विमानात मळमळू नये म्हणून तिने घरून आमसुले आणली होती. त्यांतले एक तिने म्हातारीच्या तळहातावर ठेवले. म्हातारीने ते हुंगले, चाखले, डोळे मिटले, आणि शेजारच्या दुकानदारणीला हाक मारून अर्धे तिला दिले. दोघींचे काही बोलणे झाले. खुशीने म्हातारीने कापीचा एक कण बोटावर घेऊन आत्यापुढे धरला. आत्या मागे सरकली. तिने हात जोडले आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेला बोट लावले. म्हातारीने माळेकडे पाहिले, आत्याकडे पाहिले आणि विचारले, "चे?"

हा शब्द आम्ही चौपाटीवर ऐकला नव्हता. म्हातारीने मुलीला आमच्याबरोबर दिले. मंडईपासून चार पावलांवर, चिनी देवळाच्या वाटेवर, एक दुकान. दारात पिवळे निशाण, त्यावर तांबडे अक्षर. ते अक्षर म्हणजेच 'चे'. मांसविरतीत नुसते मांस नसते. 'चे' हे व्रत आहे. त्यात मासळी नाही, अंडे नाही, दूध नाही, नाम प्ला नाही. एवढेच नव्हे, तर लसूण-कांदा आणि त्यांच्या जातीच्या भाज्याही नाहीत. तंबाखूसुद्धा नाही, असे मालकीणबाईंनी सांगितले तेव्हा मात्र आत्याने मशेरीच्या डबीवर हळूच पदर ओढला.

पहिल्या पातेल्यातच अपघात व्हायचा. त्यात अख्खा मासा दिसत होता, खवल्यांसकट. तो सोयाबीनचा होता, वर समुद्री शेवाळाची साल. मालकीणबाईंनी तुकडा मोडून आत दाखवला. आत्याने हुंगून पाहिला आणि मान्य केले की मासा नाही, "पण सोंग कित्याक?" म्हणून तो घेतला नाही. मग तिने प्रत्येक पातेल्यावर नाक फिरवले. आम्ही श्वास रोखून उभे. शेवटच्या पातेल्याशी ती थांबली. पिवळीजर्द आमटी, बांबूचे कोंब आणि कच्ची पपई, आंबटाला सोम खॅक. कापीच्या जागी आंबवलेले सोयाबीन. "घाल," ती म्हणाली, मराठीत, आणि मालकीणबाईंनी घातली.

आत्या जेवली. पाच दिवसांनी पहिल्यांदा भातात आमटी कालवून, हाताने, बोटे निथळवीत जेवली. कोणी काही बोलले नाही. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "तिखट बरा आसा. आंबट जरा कमी." आमच्या घरात याहून मोठे प्रशस्तिपत्रक नाही. मालकीणबाईंना भाषा कळली नाही, सूर कळला. त्यांनी पातेल्यातली सोम खॅकची एक चकती काढून तिच्या भातावर ठेवली.

मालकीणबाईंच्या मुलाला इंग्रजी येत होते. त्याने व्रताची कथा सांगितली. दोनशे वर्षांपूर्वी काथू गावच्या खाणींत चिनी नाटक मंडळी आली आणि साथीने आजारी पडली. नऊ सम्राट-देवांचे व्रत चुकल्याचे त्यांना आठवले. त्यांनी मांसमच्छी सोडली, आणि ती बरी झाली. तेव्हापासून चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या प्रतिपदेपासून नऊ दिवस गावात शुभ्र कपडे, पिवळी निशाणे आणि 'चे'. कोणी निखाऱ्यांवरून चालतात, अंगात आलेले गालांत सळ्या खुपसून मिरवतात. मी बोटे मोजली. त्यांची प्रतिपदा आणि आपली घटस्थापना बहुतेक वर्षी एकाच अमावास्येपाठोपाठ येते. मी आत्याला सांगितले, "अगं, हे लोक आपल्या नवरात्रातच नऊ दिवस पाळतात." आत्याने मालकीणबाईंकडे पाहून नऊ बोटे दाखवली. त्यांनी नऊ बोटे दाखवली. एवढ्यावर दोघींचे सगळे बोलणे झाले.

उरलेले तीन दिवस आम्ही तिथेच जेवलो. चौघे खाणारेसुद्धा, कारण लसूण-कांद्यावाचून आणि मासळीवाचून तिखटाची आणि आंबटाची इतकी भरीव चव उभी राहते, हे आम्हांला नवीन होते. शेवटच्या दिवशी मालकीणबाईंनी चित्रांचे पुस्तक दाखवले नाही, किती तिखट असेही विचारले नाही. "किन खाव?" म्हणाल्या. जेवलात का? त्या देशात भेटले की माणसे हेच विचारतात, आणि आपल्याकडेही विचारतात. मग त्यांना जे करायचे होते ते केले आणि आम्हांला वाढले. पाहुणा म्हणून चौपाटीवर आमचा जो मान झाला त्याने आम्ही उपाशी राहिलो होतो. इथे कोणी मान केला नाही. पाहुण्यांचे आंबट मात्र आमटीत होते, आणि ते मुळात पाहुण्यांचे आहे याची त्या पातेल्याला आठवणही नव्हती.

फुकेतला जाणाऱ्यांनी सूर्यास्त अवश्य पाहावा. पण एक दिवस तरी पहाटे उठून रानोंग रस्त्याच्या मंडईत जावे. तिखट चालत असेल तर "फेत" म्हणावे, आणि म्हटल्यावर माघार घेऊ नये. घरात कोणी माळकरी, जैन किंवा व्रतस्थ असेल तर मांसविरतीच्या संस्कृतावर फार विसंबू नये; पिवळे निशाण शोधावे.

यंदा घटस्थापनेला आत्याने नेहमीप्रमाणे परडीत माती घातली, धान्य पेरले, वर कलश ठेवला. दिवा लावून झाल्यावर ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मी विचारले, काय झाले? म्हणाली, "काय नाय. थयपण आज बसले आसतले."